घटना-अहवालाचा फॉर्म: चाचणी कशी घ्यावी, फेररचना कशी करावी

रुग्णालयात झालेली चूक किंवा अपघात कळवण्यासाठीचा घटना-अहवालाचा फॉर्म बहुधा बैठकीत तयार होतो आणि पाळी संपता संपता भरला जातो. बैठकीत बसलेल्यांना आकडेवारी हवी असते, म्हणून रकाने वाढत जातात; भरणाऱ्या परिचारिकेला मात्र पुढच्या पाळीकडे रुग्ण सोपवायचे असतात, राहिलेल्या नोंदी उरकायच्या असतात आणि जे घडले त्याची धास्तीही मनात असते. म्हणून फॉर्मची चाचणी घेताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा: हे काम खरोखर भरणाऱ्याचे आहे, की वाचणाऱ्याचे काम आपण भरणाऱ्यावर ढकलले आहे?

जुन्या फॉर्मला लगेच कात्री लावू नये. आधी गेल्या काही महिन्यांतले भरलेले अहवाल नावे झाकून वाचावेत. कोणता रकाना नेहमी कोरा राहतो, कुठे ‘इतर’ हाच पर्याय वारंवार निवडला जातो, कुठे सगळ्यांनी यादीतला पहिलाच पर्याय ठेवून दिला आहे, एवढे मोजले तरी दुखणे कुठे आहे याचा बराच अंदाज येतो. सक्तीच्या रकान्यात नुसते टिंब किंवा ‘लागू नाही’ लिहिलेले दिसले, तर तो प्रश्न त्या जागी चुकीचा आहे असे खुशाल समजावे.

त्यानंतर चाचणीसाठी तीन-चार प्रसंग लिहून काढावेत. त्यांत रुग्ण पडल्याचा एक, औषधाचा एक आणि थोडक्यात टळलेल्या चुकीचा एक असावाच, कारण टळलेली चूक कुठल्या रकान्यात बसवायची हे बहुतेक फॉर्म सांगतच नाहीत. प्रसंग बोलीभाषेत लिहावा आणि फॉर्मवरचे शब्द त्यात येऊ देऊ नयेत, नाहीतर उत्तर आपणच पुरवल्यासारखे होते.

पाच जणांवर चाचणी घेतली की बहुतेक अडचणी सापडतात, हा नियम अनेकांना पाठ असतो. तो नील्सन आणि लांडावर या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९३ सालच्या गणितावरून आला. एका व्यक्तीला सरासरी ३१ टक्के अडचणी आढळतात असे धरले, तर पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. मात्र हे पाच जण एकाच गटातले धरलेले असतात. रुग्णालयात परिचारिका, निवासी डॉक्टर, औषधनिर्माता, तंत्रज्ञ आणि वॉर्डातले मदतनीस हा फॉर्म वेगवेगळ्या नजरेने पाहतात, तेव्हा प्रत्येक गटातून तीन-चार जण घेणे आणि दोन फेऱ्या करणे अधिक शहाणपणाचे ठरते. मेट्रन किंवा विभागप्रमुख चाचणीच्या वेळी खोलीत नसावेत. ते शेजारी बसले की सगळ्यांनाच फॉर्म सोपा वाटू लागतो.

चाचणी वॉर्डातल्याच संगणकावर, लॉगिनपासून सुरू करावी. भरताना मनात येईल ते मोठ्याने बोलण्याची विनंती करावी आणि आपण गप्प बसावे. ‘इथे काय लिहू?’ असे विचारल्यास ‘मी इथे नसते तर तुम्ही काय केले असते?’ एवढेच म्हणावे. सुरुवातीलाच ‘आम्ही फॉर्म तपासतो आहोत, तुम्हाला नाही’ असे सांगायला विसरू नये. मध्येच एकदा मुद्दाम व्यत्यय आणून त्यांना दोन मिनिटे उठवावे. परत आल्यावर लिहिलेले सगळे पुसले गेलेले दिसले, तर त्या एका दोषापुढे बाकीचे दोष किरकोळ आहेत.

एक प्रसंग जवळून पाहू. ताशी ५ मिलिलिटर वेगाने द्यायचे औषध इन्फ्युजन पंपावर, म्हणजे शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रावर, ताशी ५० ने सुरू झाले, काही मिनिटांतच परिचारिकेच्या लक्षात आले, तिने पंप थांबवला, डॉक्टरांना कळवले आणि रुग्णावर लक्ष ठेवणे सुरू आहे. फॉर्मचा पहिलाच प्रश्न ‘घटनेचा प्रकार’ असा. पर्याय ‘औषध’, ‘उपकरण’, ‘कर्मचारी’ आणि ‘इतर’. आकडा चुकला म्हणून औषध, की पंपावर चुकला म्हणून उपकरण? ‘कर्मचारी’ निवडले तर आपणच आपल्यावर ठपका ठेवल्यासारखे होते. माउस यादीवरून खालीवर फिरतो आणि शेवटी ‘इतर’वर थांबतो. पुढचा प्रश्न हानीच्या श्रेणीचा. औषधविषयक चुकांसाठी अमेरिकेत १९९६ साली स्वीकारलेली ए ते आय अशी नऊ श्रेणींची मोजपट्टी अनेक फॉर्ममध्ये जशीच्या तशी उतरवलेली असते. चूक रुग्णापर्यंत पोहोचली पण हानी झाली नाही, ती ‘सी’. हानी नाही याची खात्री करण्यासाठी रुग्णावर लक्ष ठेवावे लागले, ती ‘डी’. हानी झाली की नाही हेच अजून ठरायचे असताना नेमकी श्रेणी विचारली, तर मिळते तो केवळ अंदाज, आणि पुढे आलेखात तोच अंदाज वस्तुस्थिती म्हणून मिरवतो.

निरीक्षणे लिहिताना लागलेला वेळ, मागे फिरण्याच्या जागा, चुकीची निवड आणि अर्धवट सोडलेले रकाने टिपावेत. शेवटी, वापरायला किती सोपे वाटले हे मोजणारी दहा विधानांची ‘सिस्टिम युजेबिलिटी स्केल’ प्रश्नावली द्यायला हरकत नाही, पण तिचे ० ते १०० गुण म्हणजे टक्के नव्हेत. ६८ च्या आसपासचे गुण सरासरी मानतात. फॉर्ममध्ये काय बिघडले आहे हे मात्र ती सांगत नाही, ते बघूनच कळते.

फेररचनेत सर्वांत आधी क्रम बदलावा. ‘काय घडले, तुमच्या शब्दांत लिहा’ हा मोकळा प्रश्न वर आणावा, कारण भरणाऱ्याला तेच सांगायचे असते. प्रत्येक रकान्यापुढे दोन खुणा कराव्यात: ही माहिती भरणाऱ्यालाच ठाऊक आहे का, आणि ती आत्ताच लागणार आहे का? दोन्ही उत्तरे ‘हो’ असलेले रकाने राहतील. वॉर्ड, तारीख, रुग्णाचे वय यांसारख्या गोष्टी नोंदणी प्रणालीतून आपोआप याव्यात. प्रकार, हानीची श्रेणी आणि मूळ कारण गुणवत्ता विभागाने अहवाल वाचून भरावे. त्या विभागाचे काम यामुळे वाढते, यात शंका नाही, आणि विरोधही बहुधा तिथूनच होतो. पण चुकीने वर्गीकृत झालेले शंभर अहवाल दुरुस्त करणे त्याहून महाग पडते.

शब्दांकडे बारकाईने पाहावे. ‘चूक कोणाकडून झाली?’ याऐवजी ‘त्या वेळी परिस्थिती काय होती?’ असे विचारले की गर्दी, सारखी दिसणारी औषधे, बंद पडलेला अलार्म या गोष्टी उत्तरात येऊ लागतात. नाव देणे ऐच्छिक असेल तर तसे ठळक लिहावे आणि अहवाल कोण वाचणार हेही सांगावे. विमान वाहतुकीत १९७६ पासून चालणाऱ्या अमेरिकी अहवाल-योजनेत अहवाल नियामक संस्थेकडे न जाता नासाकडे जातात, आणि ओळख असलेली पट्टी कापून पाठवणाऱ्याला परत केली जाते. त्या पट्टीमुळे मिळणारा दिलासा नुसत्या ‘माहिती गोपनीय राहील’ या ओळीला येत नाही.

नवा मसुदा आधी कागदावर काढून दोघा-तिघांकडून भरून घ्यावा, मग संगणकावर आणावा आणि तेच प्रसंग नव्या लोकांना देऊन पुन्हा वेळ व चुका मोजाव्यात. फॉर्म लागू झाल्यावर अहवालांची संख्या वाढली तर व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवावे की घटना वाढलेल्या नसून त्या आता कळू लागल्या असण्याची शक्यता अधिक आहे.

‘पाठवा’ हे बटण दाबल्यानंतरचा पडदाही चाचणीत धरावा. तिथे नुसते ‘धन्यवाद’ नको. अहवालाचा क्रमांक, तो कोणत्या विभागाकडे गेला आणि उत्तर किती दिवसांत येईल, हे लिहिलेले असावे, आणि भरणाऱ्याने ते वाचले की न वाचताच खिडकी बंद केली, तेही टिपून ठेवावे.