लहान रेडिओ केंद्र बंद पडलं तर : थैली, वही आणि बिघाड शोधायची रीत

केंद्र बंद पडलं की फोन येतो आणि पलीकडून एकच प्रश्न असतो, "किती वेळ लागेल?" माझ्या अनुभवात या प्रश्नाचं उत्तर दुरुस्तीच्या कौशल्यावर फारसं अवलंबून नसतं. थैलीत काय आहे आणि सगळं सुरळीत चालू असताना वहीत काय लिहून ठेवलंय, यावर ते ठरतं.

हा लेख कम्युनिटी रेडिओ केंद्र सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी किंवा म्हसवडची माणदेशी तरंग यांसारखी केंद्रं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहेत. अशा केंद्रांना सहसा जास्तीत जास्त १०० वॉट परिणामी शक्तीची (ईआरपी, म्हणजे अँटेनातून प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या शक्तीची) आणि ३० मीटर उंचीच्या अँटेनाची मुभा असते. यंत्रणा लहान असते आणि माणसंही मोजकी. मायक्रोफोनची वायर, संगणक, नेटवर्क, ट्रान्समीटर आणि टॉवर हे सगळं बहुतेक वेळा एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

पहिली पायरी : चांगल्या दिवशी मोजून ठेवा

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर आवाजाची वाट काढा : मायक्रोफोन, मिक्सर, कार्यक्रम वाजवणारा संगणक, प्रोसेसर (आवाजाची पातळी सारखी राखणारं उपकरण), ट्रान्समीटर, केबल, अँटेना. स्टुडिओ आणि ट्रान्समीटर वेगवेगळ्या जागी असतील तर तिथवर आवाज पोचवणारा मधला दुवाही काढा. प्रत्येक दोन खोक्यांमध्ये कोणती केबल आहे, तिच्या दोन्ही टोकांना कोणता कनेक्टर आहे आणि तिच्यावर कोणता क्रमांक चिकटवला आहे, ते लिहा. क्रमांक चिकटवलेला नसेल तर आजच चिकटवा. क्रमांक केबलच्या दोन्ही टोकांना हवा.

मग मोजमाप घ्या. संगणकावरून एक स्थिर सूर वाजवा आणि प्रत्येक सांध्यावर किती व्होल्ट मिळतात ते टिपून ठेवा. हे काम प्रसारण बंद असताना करा, नाहीतर श्रोत्यांना तो सूर ऐकावा लागेल. पुस्तकांत १००० हर्ट्झचा सूर सांगतात, पण साधा मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट खोटे दाखवू लागतो. म्हणून मी ४०० हर्ट्झ वापरतो. डीबीयू आणि डीबीव्ही ही आवाजाच्या विद्युत पातळीची मापं. व्यावसायिक उपकरणांची +४ डीबीयू पातळी म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. घरगुती उपकरणांची -१० डीबीव्ही म्हणजे साधारण ०.३२ व्होल्ट. "आवाज बारीक येतोय" अशा कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं, की एका बाजूला पहिली पातळी असते आणि दुसऱ्या बाजूला दुसरी.

ट्रान्समीटरच्या पडद्यावरचे आकडेही लिहा : अँटेनाकडे पुढे जाणारी शक्ती, तिकडून परत येणारी शक्ती, तापमान, करंट. शेजारी तारीख आणि हवा लिहा, म्हणजे कोरडी, दमट की पाऊस. हवेचा हा रकाना फालतू वाटेल. पुढे कळेल तो कशासाठी.

दुसरी पायरी : थैली भरा

मल्टिमीटर आणि त्याची जादा बॅटरी, टेस्टर, पेचकसांचा संच, पक्कड, सोल्डरिंग गन, फ्यूज हे तर हवंच. पण वेळ खरा वाचतो तो पुढच्या वस्तूंमुळे.

तबकडीचा, सुई फिरवायचा खिशातला रेडिओ. स्वस्तातला चालतो.

५० ओहमचा, १०० वॉट पेलणारा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडून ट्रान्समीटरची शक्ती जिरवायचा रोध, आणि त्याला जोडायला एन कनेक्टरची हातभर लांब केबल. ही थैलीतली सगळ्यात महाग वस्तू आहे आणि सगळ्यात आधी घ्यावी अशीही. टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. ती इथे चालत नाही, मग कनेक्टर कसाबसा बसला तरी.

ऑडिओचा एकास-एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (आवाज पुढे जाऊ देतो, पण दोन उपकरणांमधला तारेचा थेट संबंध तोडतो). एक्सएलआर आणि फोनो जॅकचे उलटसुलट ॲडॅप्टर. फेराइटचे, म्हणजे केबलमध्ये शिरलेली रेडिओ लहर अडवणारे, चार-पाच क्लिप.

लॅन केबल टेस्टर, क्रिंपिंगची पक्कड, मूठभर आरजे-४५ (लॅन केबलच्या टोकाचे कनेक्टर), पाच पोर्टचा लहान स्विच आणि यूएसबी ते सिरियल केबल. जुन्या उपकरणांच्या कन्सोल पोर्टला (सेटिंग बदलायच्या जोडणीला) हात घालायचा झाला तर ही शेवटची केबल ऐन वेळी तालुक्याच्या बाजारात मिळत नाही.

एका पेन ड्राइव्हमध्ये सगळ्या उपकरणांच्या माहितीपुस्तिका, ड्रायव्हर आणि सेटिंगचे बॅकअप ठेवा. इंटरनेट बंद असताना इंटरनेटवरची माहितीपुस्तिका उघडत नाही.

आणि डोक्याला बांधायची बॅटरी, कारण दोन्ही हात मोकळे लागतात.

तिसरी पायरी : निघण्याआधी अर्धा बिघाड शोधा

फोन आला की मी पहिल्यांदा विचारतो, "रेडिओ खरखरतोय की मुका आहे?"

एफएम रेडिओला हवेत लहरच मिळाली नाही तर तो खरखरतो. लहर आहे पण तिच्यावर आवाज चढलेला नाही, तर खरखर दबते आणि रेडिओ एकदम शांत होतो. दोन्ही वेळा श्रोता "स्टेशन बंद आहे" असंच सांगतो, पण बिघाडाच्या जागा पूर्ण वेगळ्या. खरखर असेल तर दोष वीज, ट्रान्समीटर, केबल किंवा अँटेना यांत. शांतता असेल तर ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत सगळं बहुधा ठीक आहे आणि दोष स्टुडिओकडे, म्हणजे संगणक, मिक्सर किंवा मधल्या दुव्यात. एका प्रश्नात साखळीचे दोन तुकडे होतात आणि कोणत्या इमारतीत जायचं ते घरीच ठरतं.

यासाठीच तबकडीचा रेडिओ हवा. गाडीतला रेडिओ किंवा मोबाइलमधला एफएम लहर क्षीण झाली की स्वतःच आवाज बंद करतो, त्यामुळे खरखर आणि शांतता यांतला फरक लपतो. शेजारच्या आकाशवाणी केंद्रावर सुई नेऊन रेडिओ धड आहे याचीही खात्री करून घ्या.

पुढेही हीच रीत. उरलेल्या तुकड्याच्या मधोमध मोजा, जी बाजू वहीतल्या आकड्याशी जुळते ती सोडून द्या आणि दुसरीचे पुन्हा दोन भाग करा. एका टोकापासून एकेक खोकं तपासत गेलात तर थकाल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन केबल एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कोणती खराब होती हे कधीच कळणार नाही.

चौथी पायरी : लहरच नसेल तर

आधी वीज. इन्व्हर्टर किंवा यूपीएसची बॅटरी भार जोडूनच मोजा. १२ व्होल्टची दमलेली बॅटरी मोकळी असताना १२.५ व्होल्ट दाखवते आणि भार पडताच कोसळते. अर्थ आणि न्यूट्रल यांमधला व्होल्टेजही पाहा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. बाकीचे बरेच बिघाड तिथूनच सुरू होतात.

वीज ठीक असेल तर परत येणारी शक्ती बघा. ५० वॉट पुढे जात असताना अर्धा वॉट परत येत असेल तर उत्तम. दोन वॉट म्हणजे एसडब्ल्यूआर (केबल-अँटेना ट्रान्समीटरशी किती जुळतात ते सांगणारं गुणोत्तर, एक म्हणजे पूर्ण जुळणी) दीड, म्हणजे लक्ष ठेवायची वेळ. त्याच्यापुढे ट्रान्समीटर हळूहळू स्वतःची शक्ती कमी करतो किंवा बंद पडतो. तो स्वतःला वाचवत असतो, त्याला पुन्हापुन्हा रीसेट मारू नका.

इथे डमी लोड बाहेर काढा. ट्रान्समीटर बंद करा. अँटेनाची केबल चालू ट्रान्समीटरवरून कधीही काढू नका. तिच्या जागी डमी लोड जोडा आणि कमी शक्तीवर चालू करा. परत येणारी शक्ती शून्याजवळ आली तर ट्रान्समीटर निर्दोष आहे आणि दोष वर आहे. नाही आली तर टॉवरवर चढायचे कष्ट वाचले.

एका पावसाळ्यात कोकणातल्या एका केंद्रावर आम्ही तीन आठवडे चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. संध्याकाळी ट्रान्समीटर बंद पडायचा, सकाळी आपोआप चालायचा. ट्रान्समीटर गरम होतोय असं समजून आम्ही पंखे बदलले. शेवटी वहीतले आकडे हवेच्या रकान्यासकट एकाखाली एक लिहून काढले, तेव्हा दिसलं की पाऊस पडून गेल्यावर तासाभरात परत येणारी शक्ती वाढते आणि ऊन पडलं की उतरते. टॉवरवरचा कनेक्टर उघडला तर आतून चमचाभर पाणी निघालं. मधली पिन हिरवी पडली होती आणि केबलची तांब्याची जाळी हातभर आतपर्यंत काळी झाली होती. तेवढी केबल कापून टाकली, नवा कनेक्टर बसवला, आणि ट्रान्समीटर त्या पावसाळ्यात पुन्हा बंद पडला नाही.

कनेक्टर बंद करायची पद्धत म्हणूनच नीट सांगतो. आपोआप एकजीव होणारी रबरी टेप घ्या. ती ताणून, रुंदी जवळपास निम्मी होईल इतकी ओढून, खालून वर गुंडाळत जा. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे, कौलं शाकारतात तसा, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता ओघळून जातं. वरून गुंडाळत खाली आलात तर प्रत्येक वेढा पाणी झेलणारी पन्हळ होतो. रबरी टेपवर उन्हापासून बचावासाठी काळी पीव्हीसी टेप, तीही खालून वर. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्याच्या वाफेने तांबं खराब होतं. आणि केबल इमारतीत शिरते तिथे तिला आधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल आणि भिंतीतून आत येणार नाही.

हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. ट्रान्समीटर बंद, त्याच्या स्विचवर "वर माणूस आहे" अशी पाटी, कमरेला पट्टा आणि खाली दुसरा माणूस, याशिवाय टॉवरवर चढू नका. ढग असतील तर अजिबात नको.

पाचवी पायरी : घरघर

५० हर्ट्झची जाड घुमणारी घरघर बहुधा अर्थिंगच्या वेढ्यामुळे येते. दोन उपकरणं दोन वेगळ्या सॉकेटमधून अर्थ घेतात आणि ऑडिओ केबलच्या जाळीतून त्या दोन अर्थांमधला फरक वाहू लागतो. १०० हर्ट्झची, जरा चढ्या सुराची घरघर असेल तर एखाद्या पॉवर सप्लायचा कपॅसिटर म्हातारा झाला असण्याची शक्यता जास्त. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर लॅपटॉप आणि मिक्सर यांच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. विजेच्या प्लगची अर्थ पिन कापून घरघर घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मायक्रोफोनला ओठ लावून बोलणाऱ्या माणसाचा जीव त्या पिनेवर असतो.

ट्रान्समीटर शेजारच्याच खोलीत असेल तर त्याची लहर यूएसबी आणि लॅनच्या केबलमध्येही शिरते. माउस अडकतो, साउंड कार्ड मधेच गायब होतं. केबलवर फेराइट क्लिप लावा, शक्य असेल तर केबलचे दोन-तीन वेढे त्यातून काढून.

सहावी पायरी : नेटवर्क, जवळून दूर

लॅन केबल आधी टेस्टरवर. नवी टोकं काढाल तर रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच ठेवा : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एका ओढीत १०० मीटरपेक्षा जास्त नको.

मग पिंग, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा. आधी राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला, मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिला अडकला तर दोष घरातच. दुसरा अडकला तर लाइनचा. फक्त तिसरा अडकला तर डीएनएसचा, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. संगणकाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

एका ठिकाणी रोज अकराच्या सुमारास स्टुडिओ ते ट्रान्समीटर दुवा तुटायचा. अकराला कार्यालयातला प्रिंटर चालू व्हायचा आणि त्याला दिलेला पत्ता दुव्याच्या उपकरणाचाच होता. तेव्हापासून वहीचं शेवटचं पान पत्त्यांसाठी राखलं आहे : उपकरण, आयपी, कोणी दिला, कधी. प्रसारणाच्या उपकरणांना हाताने दिलेले पत्ते राउटर वाटतो त्या टप्प्याच्या बाहेरचेच ठेवा.

कार्यक्रम वाजवणाऱ्या संगणकावर मेल, ब्राउझर, पाहुण्यांचा पेन ड्राइव्ह काही नको. विंडोजचे अपडेट प्रसारणाच्या वेळेबाहेर लावा. सूचनांचे आवाज बंद करा, नाहीतर बातम्यांच्या मधे टिंग ऐकू येईल. घड्याळ एनटीपीशी, म्हणजे इंटरनेटवरून अचूक वेळ देणाऱ्या सेवेशी जोडा.

सातवी पायरी : नोंदीचं रेकॉर्डिंग

प्रसारित झालेले कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणं कम्युनिटी रेडिओला बंधनकारक आहे. ६४ केबीपीएसने अखंड रेकॉर्ड केलं तर दिवसाला सुमारे ६९० एमबी आणि ९० दिवसांना साधारण ६२ जीबी होतात. म्हणजे साधी लहान डिस्कही पुरते. फाइल तासातासाच्या करा. रेकॉर्डिंग मिक्सरवरून न घेता रेडिओ लावून हवेतून घ्या, म्हणजे श्रोत्याला खरंच काय ऐकू गेलं त्याचा पुरावा राहतो आणि रात्रीचा बिघाड किती वाजून किती मिनिटांनी झाला तेही सापडतं. दर सोमवारी मागच्या आठवड्यातली कुठलीही एक फाइल उघडून ऐका. डिस्क भरल्यामुळे महिनाभर रिकाम्या फाइली साठत राहिल्याचं मी पाहिलं आहे.

वहीच्या पानांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि आणखी एका सहकाऱ्याकडेही. मूळ वही मात्र ट्रान्समीटरच्या खोलीतच, दाराच्या आतल्या खिळ्याला टांगलेली असू द्या. तिला सुतळीने पेन्सिल बांधा. दमट हवेत पेनची शाई पानावर फुटते, शिसं फुटत नाही.