जुन्या आलिशान गाडीचे हबके कसे घालवावेत: शॉकअपला हात सगळ्यात शेवटी

रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट (१९०६–१९२६) किंवा त्या काळातली कुठलीही मोठी गाडी हबके देऊ लागली, की पहिला सल्ला ठरलेला: ‘शॉकअप आवळा.’ हा सल्ला देणाऱ्याला आधी मागच्या सीटवर बसवावं. या गाड्या मागे बसणाऱ्या मालकासाठी बांधलेल्या. ती सीट बहुधा मागच्या ॲक्सलवरच येते, त्यामुळे स्टिअरिंग धरून बसलेल्याला निम्मं दुखणं कळतच नाही.

टायरची हवा गार असताना तपासा. किंग पिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), बेअरिंग, शॅकलच्या (पाटे चेसीला जोडणाऱ्या कड्यांच्या) पिना ठीक आहेत असं धरून चालतो. गाडीत नेहमीइतकी माणसं किंवा तेवढ्याच वजनाच्या वाळूच्या गोण्या हव्यात. रिकाम्या गाडीची ट्रायल फुकट.

पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक बसवलेल्या पट्ट्या, उतरवा, सुटे करा, गंज घासून काढा, ग्रॅफाइट ग्रीस लावा, वर कातडी गवसणी चढवा. गंजलेले पाटे एकमेकांना धरून बसतात. लहान खड्ड्यात ते हलतच नाहीत आणि सगळा मार एकट्या टायरवर येतो. काम नीट झालं का, हे शॉकअपचे हात सोडवून बघा. चेसी खाली दाबून अलगद सोडा, जमिनीपासूनची उंची मोजा. मग वर उचलून अलगद सोडा आणि पुन्हा मोजा. दोन मापांत बोटभर फरक मी चालवून घेतो. त्याहून जास्त असेल तर पाटे परत उतरवा, कितीही कंटाळा आला तरी.

आता त्या काळचा हार्टफर्ड शॉकअप. या शॉकअपात तेल नसतं. धातूच्या आणि लाकडाच्या चकत्या एकमेकींवर घासतात आणि मधला नट आवळला की घर्षण वाढतं. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. तेलाचा शॉकअप हळू हललं तर सैल सोडतो, जोरात हललं तर अडवतो. हार्टफर्डला हा विवेक नाही. चिमूटभर खडी असो की पुलाचा उंचवटा, त्याचा विरोध तेवढाच; उलट जागचा हलताना तो जास्तच अडतो. म्हणून उंचवट्यावरचं डोलणं पूर्ण थांबेल इतका आवळलात, तर बारीक खडी थेट पाठीत येणार. दोन्ही सुखं एकदम मिळत नाहीत. पुढे आंद्रे टेलिकंट्रोल शॉकअप आला तो याच अडचणीपायी: त्यात हा दाब ड्रायव्हरला चालत्या गाडीत बदलता येई.

नटाचे वेढे मोजून दोन्ही बाजू सारख्या केल्या, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चकत्यांची झीज कधीच सारखी नसते. शॉकअपचा हात सुटा ठेवून त्याच्या टोकाला ताणकाटा (ओढ मोजणारा स्प्रिंगचा काटा) अडकवा आणि हात फिरत असतानाचा आकडा वाचा, सुटतानाचा नाही. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना तोच आकडा यायला हवा. आणि चकत्यांना तेल? कधीही नाही. करकर वाजल्या तरी नाही.

सुरुवात सैल ठेवून करा. आधी वीसेक मिनिटं चालवा, कारण चकत्या तापल्या की पकड बदलते. मग तोच रस्ता, तोच वेग, तेच वजन, आणि तुम्ही मागे. उंचवट्यानंतर गाडी एकदा उठून बसली की पुरे. दुसऱ्यांदा उठली तर नट त्याच्या एका चपट्या बाजूइतकाच आवळा, अर्धा वेढा नव्हे. बारीक खडी दातांत जाणवू लागली की एक बाजू मागे या आणि तिथेच थांबा. एका फेरीत एकच बदल.

एवढं करूनही गाडी पुढेमागे झुलत असेल, तर नटाचा नाद सोडा. त्या काळच्या गाड्यांत पुढचे पाटे मागच्यांहून कडक असत. खड्डा पुढच्या चाकांना आधी लागतो. मागची बाजू संथ असेल तर ती पुढच्या बाजूला गाठत नाही आणि गाडी घोड्यासारखी डुलते. रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीत गेलेल्या इंजिनिअर मॉरिस ऑलींनी पुढची बाजू मागच्याहून मऊ हवी हे प्रयोगांनी दाखवलं, आणि १९३४ च्या कॅडिलॅकला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (दोन्ही चाकं आपापली हलतात असं) आलं. पुढे आख्खा ॲक्सल असलेल्या गाडीत ते उसनं आणता येत नाही. पुढच्या पाट्यांतला एखादा काढून ती बाजू मऊ करणारे भेटतात. ब्रेक लावताना ॲक्सल पिळतो आणि स्टिअरिंग थरथरतं, तेव्हा त्यांना कारण सापडत नाही.

जमलेल्या जागी नटावर रंगाची रेघ मारा, काट्याचा आकडा वहीत लिहा. पावसाळ्यात लाकडी चकत्या ओल धरतात; रेघ जागच्या जागी दिसली तरी काटा पुन्हा लावून बघा.