वही आणि सही

आपली मूल्ये कोणती, असे विचारले की आपण बहुतेक जणी प्रामाणिकपणा, समानता, कुटुंब हे शब्द चटकन सांगतो. परंतु शोधाची सुरुवात या शब्दांपासून करू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी एक साधी वही घ्यावी आणि पंधरा दिवस रोज रात्री तिच्यात तीनच नोंदी कराव्यात: वेळ कुठे गेला, स्वतःच्या मर्जीने किती पैसे खर्च केले आणि मनात नसताना कशाला ‘चालेल’ म्हटले. स्वतःला वाचनवेडी म्हणवणाऱ्या माझ्या वहीत पंधरा दिवसांत वाचनाची चाळीस मिनिटे भरली आणि ‘चालेल’ची दोन पाने.

त्या पानांतून एकच ‘चालेल’ निवडावे, कारण सगळेच एकदम बदलायला गेले की घरात वाद तेवढा उरतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. मी संक्रांतीचे हळदीकुंकू निवडले. ज्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी 1930 साली सत्याग्रह झाला, तिथल्याच आमच्या घरी शेजारच्या काकूंना, यजमान गेल्यापासून, बोलावणे जात नसे. दुसऱ्या दिवशी डब्यातून तिळगूळ तेवढा जाई. समानतेवर बोलणारी मी आणि तबक फिरवणारीही मीच. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा मला विषय काढायला निमित्त मिळाले. अशा वेळी प्रथेवर भाषण करू नये, आपण काय करणार तेवढे सांगावे. ‘आई, यंदा काकूंना बोलवायचे माझ्या मनात आहे, वाण मी आणते,’ एवढेच मी म्हटले. सासूबाई दोन दिवस अबोल राहिल्या. काकू आल्या, त्यांनी वाण घेतले, कुंकू मात्र नको म्हणाल्या. आपल्या मूल्यापायी दुसरीवर जबरदस्ती होत नाही ना, हे तपासायचे असते, हे मला त्या वेळी सुचलेच नव्हते.

वहीपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे सही. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग असलेल्या माहेरांतून लेकींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, तेही बहुधा एखाद्या कार्याच्या गडबडीत, आणि सोबत ‘माहेर तुटेल’ ही भीती असतेच. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर लागू आहे; महाराष्ट्राने तर 1994 मध्येच तशी तरतूद केली होती. भावाला प्रेमाने हिस्सा सोडणे हेही मूल्याला धरून असू शकते, मात्र तो निर्णय कागद वाचून झालेला असावा. म्हणून मसुद्याची प्रत घरी मागून घ्यावी, सातबारा आणि फेरफार काढून कोणता गट आणि किती क्षेत्र सोडत आहोत ते पाहावे, आपल्या ओळखीच्या वकिलाला दाखवावे आणि तोवर ‘मला आठ दिवस द्या, वाचून सांगते,’ हे एकच वाक्य न चिडता पुन्हा पुन्हा म्हणावे. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाल्यावर ते पत्र मागे घेणे सोपे नसते.

माझ्या एका मैत्रिणीने असे आठ दिवस मागितले, तेव्हा तिचा भाऊ चहा तसाच ठेवून निघून गेला. नवव्या दिवशी वहिनी एकटीच आली. तिच्या पिशवीत दोन उतारे होते. एक या घरचा आणि दुसरा तिच्या स्वतःच्या माहेरचा, कारण तिलाही तिकडून तसाच कागद आला होता आणि तो कसा वाचायचा, हे तिला नणंदेकडून समजून घ्यायचे होते.