केळीवाल्यांच्या याद्या जोडायच्या आधी एवढं करा भो

रावेर-यावलकडची शेतकऱ्यांची यादी, बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याची यादी आणि आपली जुनी एक्सेल, तिन्ही एकत्र करायच्यात ना, मग पहिलं काम म्हणजे मूळ फायलींची कॉपी वेगळ्या फोल्डरला टाका आणि तिला हात लावू नका.

मी नाही टाकली एकदा. नेटवर ॲक्सेंट काढायचं एक तयार फंक्शन मिळालं, फ्रेंच 'कॅफे'तल्या शेवटच्या अक्षरावरची रेघ सोडवून फेकून देणारं, जळगाव, यावल, पारोळा टाकून बघितलं तर नावं जशीच्या तशी, म्हटलं मस्त, रात्री पूर्ण यादीवर चालवलं आणि सकाळी बघतो तर धुळ्याचं 'धळ', रावेरचं 'रावर', एरंडोलचं 'एरडोल' आणि नंदुरबारचं 'नदरबार' झालेलं! झालं काय, की युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक कोड देणारी पद्धत) काना, वेलांट्या, ओकार हे जागा घेणारे मानलेत, पण उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि हलन्त (पाय मोडायची खूण) हे जागा न घेणाऱ्या खुणांत, म्हणजे त्या फ्रेंच रेघेच्याच वर्गात बसतात. आणि मी टेस्टला घेतलेल्या तिन्ही गावांत त्यातलं एकही नव्हतं. म्हणून टेस्टची गावं आधीच कागदावर लिहून ठेवा: धुळे, नंदुरबार, मुक्ताईनगर, बऱ्हाणपूर. ही चार सहीसलामत बाहेर आली तरच पुढे जा.

फाईल यूटीएफ-८ (युनिकोड मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) आहे का ते बघा. पहिल्या कॉलमचं नाव डोळ्याला बरोबर दिसतं पण प्रोग्रॅमला सापडत नाही, असं झालं तर सुरुवातीला न दिसणारं बीओएम (फाईलचा प्रकार सांगणारी खूण) चिकटलेलं असतं, ते काढून वाचा. आणि फाँट बदलल्यावर मराठीचा इंग्रजी कचरा होत असेल तर ती जुन्या श्रीलिपी टाईप फाँटमधली फाईल आहे, ती आधी कन्व्हर्टरमधून काढा, नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या कोडांनी लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करणं, तिथं काहीच कामाचं नाही.

मग तिन्ही याद्यांचा मजकूर एनएफसीत (नॉर्मलायझेशनचा एक ठरलेला प्रकार) आणा, एकच यादी आणून उपयोग नाही. 'ऱ' एका कोडनं पण लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) असा पण, एनएफसी त्याचा एकच करून देतं. नुक्त्याच्या ज, ड वगैरेंचं मात्र उलटं, ते एनएफसीतही दोन तुकड्यांतच राहतात, नियमच तसाय, घाबरू नका.

आता खरी डोकेदुखी. बऱ्हाणपूरचा तो अर्धा र कुणी 'ऱ' आणि हलन्तानं टाईप करतं, कुणी र, हलन्त आणि मागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण) लावून. स्क्रीनवर सेम, जुळवायला गेलं की वेगळं, आणि एनएफसी याला हात पण लावत नाही. इथे आपणच बदल करायचा, दुसऱ्या पद्धतीचं पहिल्यात. हे करायच्या आधी 'न दिसणारी अक्षरं काढून टाका' असं काही चालवलं तर 'बर्हाणपूर' होऊन बसेल, व्यापाऱ्यांचे 'व्यापार्यांचे', म्हणून क्रम चुकवू नका. 'ॲड.' लावणाऱ्या वकिलांचं पण तसंच, 'ॲ' हे वेगळं अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधी अ वर चंद्र देऊन भागवायचे, दोन्ही आपोआप एक होत नाहीत.

गट नंबरचा कॉलम एक्सेलमध्ये आधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर इंग्रजी आकड्यांत १२/२ टाकलं की तारीख होते. मराठी आकडे एनएफकेसीनं (एनएफसीपेक्षा जास्त बदल करणारा प्रकार) पण इंग्रजी होत नाहीत, ते पण आपणच बदलायचे.

शेवटी गावांची एक हातानं केलेली जोडयादी: जळगांव-जळगाव, एदलाबाद-मुक्ताईनगर, हिंदीतलं भुसावल-भुसावळ. फक्त जळगाव जामोद आपल्या जळगावात ढकलू नका, ते बुलढाण्यात आहे. आणि हे सगळं 'जुळवणी' नावाच्या वेगळ्या कॉलमात करा, पावतीवर छापायचं नाव शेतकऱ्यानं लिहून दिलं तेच राहू द्या.