जुनी रसायनशास्त्र प्रयोगशाळा नवी करताना: आधी हवा, मग ग्रॅनाइट

प्रयोगशाळा नवी करायची म्हटलं की पहिलं कोटेशन येतं ग्रॅनाइटचं आणि फॉल्स सीलिंगचं. ते बाजूला ठेवा. मुलं त्या खोलीत दिवसभर संशोधनाचे प्रोजेक्ट करणार असतील, तर पैसा आधी हवेवर, वायरिंगवर आणि पाण्यावर खर्च व्हायला हवा. रसायनशास्त्र विभागात माझी उभी नोकरी गेली, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

तोडफोडीआधी कपाटं रिकामी करा आणि लॅबमधल्या मामांना सोबत घ्या. कुठली बाटली कुठल्या सरांच्या काळातली, हे स्टॉक रजिस्टरपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. पिक्रिक अ‍ॅसिडची जुनी बाटली सापडली आणि झाकणाभोवती पिवळे कोरडे स्फटिक दिसले, तर हात लावू नका. झाकण फिरवताना होणाऱ्या घर्षणानेही स्फोट होऊ शकतो. पडून राहिलेल्या ईथरमध्ये पेरॉक्साइड तयार होतात, तेही तितकंच घातक. खोली बंद करा, जाणकाराला बोलवा. पारा आणि क्रोमियमची द्रावणं सिंकमध्ये ओतायची नाहीत. ती तळोजा किंवा रांजणगावसारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रातच गेली पाहिजेत.

फ्यूम हूड म्हणजे घातक वाफा ओढून घेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट. त्याचा पंखा हूडच्या डोक्यावर नको, गच्चीवर डक्टच्या, म्हणजे वाफा बाहेर नेणाऱ्या नळाच्या, शेवटी हवा. मग डक्टमधला दाब खोलीपेक्षा कमी राहतो आणि एखादा सांधा उघडला तरी वाफा बाहेर न येता खोलीतली हवाच आत ओढली जाते. दाराशेजारी किंवा सीलिंग फॅनखाली हूड बसवू देऊ नका. काच कामाच्या उंचीवर असताना हूडच्या तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला साधारण 0.5 मीटर भरला पाहिजे. तो अ‍ॅनिमोमीटरने समोर मोजून घ्या, मगच बिलावर सही करा. रोज टिश्यू पेपरची पट्टी हूडच्या तोंडाशी धरून बघायची. ती आत ओढली गेली नाही, तर त्या दिवशी ब्रोमिनची बाटली उघडायची नाही.

वायरिंगला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. डोळे धुण्याच्या नळाला सलग 15 मिनिटं पाणी लागतं. दुपारी टाकी रिकामी होत असेल, तर त्याला स्वतंत्र टाकी द्या.

आणि एक कोपरा प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकातून कायमचा सोडवून घ्या. बॅच संपली की टेबल मोकळं करावं लागतं, संशोधनासाठी केलेली उपकरणांची जुळणी मात्र दिवसेंदिवस उभी राहते. तिथे कंडेन्सरची (वाफ थंड करणाऱ्या उपकरणाची) पाण्याची नळी क्लॅम्पने आवळलेली, आणि फ्लास्कवर मुलाचं नाव, द्रावकाचं नाव व फोन नंबर लिहिलेला असलाच पाहिजे.