घरात कॅन्सरचं निदान झालंय? पेशंटला खरी माहिती कशी द्यायची

माझ्या मावशीचा बायोप्सी रिपोर्ट आला तेव्हा त्यात 'ग्रेड 3' असं लिहिलेलं होतं, आणि मामेभावाने ते वाचून फॅमिली ग्रुपवर टाकलं की थर्ड स्टेज आहे. दोन दिवस घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं की ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते, आणि स्टेज म्हणजे आजार कुठवर पसरलाय ते. मावशीची स्टेज दुसरी होती. तेव्हापासून ओळखीत कुणाकडे असं झालं की मी सांगते, गूगल नंतर, आधी फाइल उघडा.

तर पहिलं काम हेच. एका वहीत उतरवून काढा, कुठल्या अवयवाचा कॅन्सर, नेमका प्रकार, स्टेज, आणि औषधांची नावं. स्तनाचा असेल तर ईआर, पीआर, हर-टू (कॅन्सरच्या पेशींच्या हार्मोन आणि प्रोटीनच्या तपासण्या, रिपोर्टमध्ये ER, PR, HER2) पॉझिटिव्ह की निगेटिव्ह तेही लिहा, त्यावरून औषधं ठरतात. काही कळलं नाही तर डॉक्टरांनाच विचारा, लाजू नका. कॅन्सर हा एक आजार नाहीच, त्यामुळे शेजारच्या काकूंना जे लागू पडलं ते तुमच्या आईला पडेलच असं नाही.

मग पेशंटला विचारा, तुला किती जाणून घ्यायचंय? आपल्याकडे "त्यांना सांगू नका हं, खचतील" म्हणत सगळे खोलीबाहेर कुजबुजतात आणि आतल्या माणसाला सगळं कळत असतं, मला हे फार लागतं. मावशी म्हणाली, "केस कधी जाणार ते सांग, आकडे नको सांगूस." तेवढंच सांगितलं. आणि कुणाला आकडे हवेच असतील तर आधी समजावून सांगा की पाच वर्षांचा सर्व्हायव्हल रेट म्हणजे पाचच वर्षं हातात आहेत असं नाही, निदानानंतर पाच वर्षांनी शंभरातले किती जण हयात होते तो आकडा, आधी निदान झालेल्या खूप लोकांचा मिळून काढलेला असतो, एका माणसाचं भविष्य त्यातून कळत नाही.

वाचायचं कुठे? परळच्या टाटा मेमोरियलची वेबसाइट, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची पेशंटसाठीची पानं, कॅन्सर रिसर्च यूके. बरंचसं इंग्रजीत आहे, घरातल्या कुणीतरी वाचून थोडं थोडं मराठीत सांगायचं आणि मग "तुला काय समजलं, सांग बरं" असं विचारायचं. दुसरं कुठलंही पान असेल तर कुणी लिहिलंय, शेवटचं कधी अपडेट केलंय ते बघा, आणि खाली पावडर नाहीतर काढा विकायला ठेवला असेल तर सरळ बंद करा.

आता फॉरवर्ड. लक्ष्मणफळ किमोपेक्षा कित्येक पट भारी हा मेसेज तुम्हालाही आला असेल. लॅबमध्ये बशीतल्या पेशी मेल्या म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी सांगितलं की बायकोला हळद, कडुनिंब, लिंबूपाणी, साखर बंद अशा आहाराचा कॅन्सरमध्ये फायदा झाला, तेव्हा टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 डॉक्टरांनी सह्या करून पत्रक काढलं की याला ठोस पुरावा नाही, त्यासाठी उपचार लांबवू नका. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन आणि किमो दोन्ही झालेलं होतं. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकांशी भांडू नका, ते काळजीपोटीच पाठवतात, "डॉक्टरांना विचारून बघते" म्हणा आणि खरंच विचारा.

मावशीच्या उशाखाली मला हळदीच्या कॅप्सूलची बाटली सापडली होती, निम्मी रिकामी. ओरडले नाही, पुढच्या व्हिजिटला बाटलीच घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, भाजीतली हळद चालेल, पण कॅप्सूलमध्ये प्रमाण खूप जास्त असतं, किमोच्या औषधांमध्ये ढवळाढवळ होऊ शकते, बंद करा. त्यांनी शांतपणे सांगितलं म्हणून तिनेही ऐकलं.

शेवटचं, सगळ्यात कामाची माहिती मोठ्या अक्षरात फ्रिजवर लावा. किमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, क्रोसिन देऊन झोपवायचं नाही, हॉस्पिटलला फोन करून निघायचं, कारण पांढऱ्या पेशी कमी असतात आणि इन्फेक्शन झपाट्याने वाढतं. खाली इमर्जन्सी नंबर. मावशीला तिसऱ्या किमोनंतर रात्री अकराला 101 ताप आला, काकांनी थर्मामीटर बघितला, तो कागद बघितला, आणि रिक्षा आणायला खाली गेले.