हब रिंग करून घेताना आधी एकच

बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलचं मधलं भोक बरेचदा हबपेक्षा (गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यापेक्षा) मोठं असतं. ती फट हब रिंगने, म्हणजे मधे बसणाऱ्या कड्याने, भरा, नाहीतर स्टिअरिंग थरथरू शकतं. भोसरी किंवा शिरोलीच्या लेथवाल्याकडे ॲल्युमिनियमच्या बारमधून ती छान वळून मिळते. हबवरचा गंज पॉलिश पेपरने आधी काढा, मगच व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावा आणि तीन ठिकाणी माप घ्या. हब समजा ५४.१ मिमी भरला, तर रिंगच्या आतल्या मापासाठी कागदावर नुसतं ‘५४.१’ लिहू नका, ‘५४.१५ ते ५४.२०’ अशी हद्द लिहा, कारण टर्नर (लेथवाला) त्यावरच काम करतो. रिंगची आतली धारदार कड थोडी तिरकी मारून घ्या. लेथवर काम लावायचा, म्हणजे सेटिंगचा, खर्च एकाला आणि दहाला सारखाच, म्हणून मित्रांची ऑर्डर एकत्र द्या. पण पहिली रिंग गाडीवर बसवून पाहिल्याशिवाय बाकीच्या वळायला सांगू नका.